जुनाट प्रोस्टेटायटिस : बरं होणं आणि बरं राहणं

प्रोस्टेटचं दुखणं म्हणजे साठीनंतरचं दुखणं, असा आपल्याकडे समज आहे. रात्री चार-चारदा उठणारे आजोबा, वाढलेली ग्रंथी, दुर्बिणीचं ऑपरेशन, हे चित्र डोक्यात पक्कं बसलेलं असतं. त्यामुळे तिशी-पस्तिशीतल्या माणसाच्या ओटीपोटात, वृषणांत किंवा वृषण आणि गुदद्वार यांच्या मधल्या जागेत दुखू लागलं, खुर्चीत बसवेना, लघवीला जाऊन आल्यावर लगेच पुन्हा जावंसं वाटू लागलं, तरी त्याच्या मनात प्रोस्टेट येत नाही. वास्तविक पन्नाशीच्या आतल्या पुरुषांमध्ये युरॉलॉजिस्ट सर्वांत जास्त वेळा जी निदानं लिहितात, त्यांत प्रोस्टेटायटिस, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीची सूज, अगदी वर आहे. निरनिराळ्या देशांतल्या पाहण्या एकत्र करून २००८ साली घेतलेल्या आढाव्यात साधारण आठ टक्के पुरुषांना अशी लक्षणं असल्याचं आढळलं. म्हणजे पन्नास पुरुष काम करतात अशा कुठल्याही कचेरीत तीन-चार जण हे सोसत असण्याची शक्यता आहे.

हा आजार जीव घेत नाही आणि तो कॅन्सरही नव्हे. पण महिनोन्‌महिने मुरलेलं हे दुखणं माणसाची झोप, काम, संसार सगळं पोखरतं. जीवनमान मोजणाऱ्या अभ्यासांत हे रुग्ण हृदयविकाराचा झटका नुकताच येऊन गेलेल्यांच्या पंक्तीला बसले आहेत. त्यात जागा अशी की घरात सांगायची सोय नाही आणि मित्रांत बोललं तर चेष्टा होते. मग माणूस वाचतो त्या रेल्वेरुळांलगतच्या भिंतींवरच्या जाहिराती : गुप्तरोग, धातू जाणे, कमजोरी, हमखास इलाज. वीर्य गेलं की शक्ती गेली, या भीतीपोटी जडणाऱ्या तक्रारींना भारतीय मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० साली ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं. प्रोस्टेटायटिसच्या अनेक रुग्णांना वीर्यस्खलनाच्या वेळी किंवा नंतर खरोखरच दुखतं, त्यामुळे त्या जुन्या भीतीला स्वतःच्या शरीरातूनच पुरावा मिळाल्यासारखं होतं. म्हणून स्वच्छ सांगायला हवं : हस्तमैथुनाने हा आजार होत नाही, आणि ब्रह्मचर्य पाळल्याने तो जातही नाही.

जाहिरातीच्या जाळ्यातून सुटलेला रुग्ण दवाखान्यात येतो आणि तिथे दुसऱ्या चक्रात अडकतो. लघवीची साधी तपासणी, सोनोग्राफी, आणि हातात अँटिबायोटिकची चिठ्ठी. आठवडाभर जरा बरं वाटतं, मग पुन्हा दुखतं. डॉक्टर बदलतो, गोळी बदलते. वर्षभरात चार-पाच कोर्स झालेले रुग्ण दुर्मीळ नाहीत. या चक्रातून बाहेर पडायची वाट आहे, आणि ती आपल्याला यातला नेमका कोणता आजार आहे हे ठरवण्यापासून सुरू होते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९५ साली तज्ज्ञांची बैठक घेऊन प्रोस्टेटायटिसचे चार प्रकार पाडले, आणि आजही जगभर तेच वापरले जातात. पहिला अचानक होणारा : थंडी वाजून ताप, लघवीला आग, कधी लघवी पूर्ण बंद. हा तातडीने दवाखाना गाठण्याचा आजार आहे. दुसरा, ग्रंथीत जंतू घर करून बसल्याने होणारा जुनाट. तिसऱ्यात दुखणं किमान तीन महिने टिकलेलं असतं, पण जंतू सापडत नाही. चौथ्यात काहीच त्रास नसतो, भलत्याच कारणाने केलेल्या तपासणीत सूज दिसते, आणि तिच्या वाटेला जायचं कारण नसतं. जुनाट दुखणं घेऊन येणाऱ्या दहा रुग्णांपैकी नऊ किंवा त्याहूनही जास्त तिसऱ्या प्रकारात मोडतात. अँटिबायोटिक मात्र दहाही जणांना मिळतं.

दुसरा आणि तिसरा प्रकार वेगळा ओळखायची तपासणी मुळीच अवघड नाही. मिअर्स आणि स्टेमी या डॉक्टरांनी १९६८ साली चार बाटल्यांची पद्धत सांगितली. ती वेळखाऊ असल्यामुळे फारशी कुणी करत नसे, म्हणून कॅनडातले युरॉलॉजिस्ट कर्टिस निकेल यांनी १९९०च्या दशकात तिचं दोन बाटल्यांचं सोपं रूप पुढे आणलं. आधी मधल्या धारेची लघवी एका बाटलीत घ्यायची. मग डॉक्टर हातमोजा घालून गुदद्वारातून बोटाने प्रोस्टेट हलकेच चोळतात. अक्रोडाएवढी ही ग्रंथी गुदाशयाच्या पुढच्या भिंतीला लागूनच असते, त्यामुळे बोट सहज पोचतं. त्यानंतरची पहिली लघवी दुसऱ्या बाटलीत. दोन्हींचं कल्चर करायचं. पहिल्या बाटलीत जंतू नाहीत किंवा नाममात्र आहेत आणि दुसरीत भरपूर वाढले, तर ते प्रोस्टेटमधून आले. दोन्ही स्वच्छ निघाल्या, तर जंतूंचा विषय बहुतेक संपला. अँटिबायोटिक चालू असताना ही तपासणी करून उपयोग नाही, आणि अंगात ताप असताना ग्रंथी चोळायची नाही, जंतू रक्तात उतरण्याचा धोका असतो. दोन कल्चरच्या खर्चात वर्षभराची फरफट टळू शकते, आणि तरीही ही तपासणी आपल्याकडे इतकी कमी होते याची मला फार खंत वाटते.

जंतूंमुळे झालेला जुनाट आजार ओळखण्याची एक खूण म्हणजे पुन्हापुन्हा होणारा लघवीचा संसर्ग, आणि दर वेळी तोच जंतू. बहुतेकदा तो ई. कोलाय असतो. तो चिवट ठरण्याची कारणं ग्रंथीच्या रचनेतच आहेत. बरीच अँटिबायोटिक्स रक्तातून प्रोस्टेटच्या स्रावात पुरेशी उतरत नाहीत. लघवीच्या संसर्गावर सर्रास दिलं जाणारं नायट्रोफ्युरँटॉइन मूत्राशयात काम करतं, पण प्रोस्टेटमध्ये नाही. फ्लुरोक्विनोलोन गट, ट्रायमेथोप्रिम, डॉक्सिसायक्लिन यांचा तिथे शिरकाव होतो. म्हणून कोर्स आठ-दहा दिवसांचा नसतो, चार ते सहा आठवड्यांचा असतो, आणि बरं वाटलं म्हणून तो मध्येच सोडणं म्हणजे त्याच जंतूला परत बोलावणं. काहींच्या ग्रंथीत बारीक खडे असतात. त्यांवर जंतू चिकट थर करून राहतात आणि औषध वरून निघून जातं.

आपल्याकडे आणखी दोन अडचणी आहेत. भारतातल्या ई. कोलायचा मोठा हिस्सा फ्लुरोक्विनोलोन गटातल्या सिप्रोफ्लॉक्सासिनला दाद देत नाही, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे अहवाल हे वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. त्यामुळे कल्चर न करता ती गोळी लिहिणं म्हणजे अंधारात दगड मारणं आहे. याच गटातल्या औषधांमुळे स्नायुबंध तुटणं, मज्जातंतूंना इजा होणं असे परिणाम होऊ शकतात, आणि अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१६ साली त्याबद्दलचा इशारा अधिक कडक केला. दुसरी अडचण क्षयाची. लघवीत पू आहे, पण साध्या कल्चरमध्ये काही वाढत नाही, असा रिपोर्ट आला तर आपल्या देशात मूत्रमार्गाच्या आणि प्रोस्टेटच्या क्षयाचा विचार झालाच पाहिजे. फ्लुरोक्विनोलोन क्षयाच्या जंतूवरही चालतं, त्यामुळे निदानाआधी ते पोटात गेलं तर क्षय काही काळ दबतो आणि सापडायला उशीर होतो. लेव्होफ्लॉक्सासिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन ही याच गटातली औषधं हट्टी क्षयासाठी राखून ठेवायला हवीत, ती ओटीपोटातल्या प्रत्येक दुखण्यावर उधळायची नाहीत.

सगळी औषधं थकली तर? फॉस्फोमायसिन या जुन्या औषधाचा प्रतिकारक जंतूंवर उपयोग होतो असे अनुभव गेल्या काही वर्षांत प्रसिद्ध झाले आहेत. जॉर्जियातल्या तिबिलिसी शहरात १९२३ साली स्थापन झालेल्या एलियावा संस्थेत जंतू खाणाऱ्या विषाणूंचे, म्हणजे फेजचे, उपचार होतात. अनेक अँटिबायोटिक्स हरल्यावर तिथे उपचार घेऊन बऱ्या झालेल्या एका भारतीय तरुणाची हकिकत २०२१ साली वैद्यकीय नियतकालिकात आली. गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मारणारं काहीतरी आहे, ही नोंद अर्नेस्ट हँकिन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८९६ साली भारतातूनच केली होती, आणि अनेक जण तिला फेजची पहिली चाहूल मानतात. पण एका रुग्णाच्या अनुभवावरून कुणी तिकीट काढू नये. मोठ्या चाचण्या व्हायच्या आहेत.

आता तिसरा प्रकार, ज्यात बहुतेक रुग्ण आहेत. इथे २००० सालानंतरच्या चाचण्यांचे निकाल डोळे उघडणारे आहेत. २००४ साली १९६ पुरुषांना सिप्रोफ्लॉक्सासिन, लघवी मोकळी करणारं टॅम्सुलोसिन, दोन्ही, किंवा नुसती साखरेची गोळी अशा चार गटांत सहा आठवडे ठेवलं. चारही गटांना थोडं थोडं बरं वाटलं, पण गटागटात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. २००८ साली अल्फुझोसिन या लघवी मोकळी करणाऱ्या औषधाची बारा आठवड्यांची चाचणी झाली. औषध घेणारे आणि साखरेची गोळी घेणारे, दोन्हींत अगदी सारखेच, जवळपास निम्मे रुग्ण सुधारले. प्रत्येक नव्या कोर्सनंतर येणारं ‘आठवडाभर बरं’ कुठून येतं, याचा उलगडा इथे होतो. काही उपचार मिळतो आहे या विश्वासाचा वाटा त्यात मोठा असतो, आणि काही अँटिबायोटिक्सना सूज उतरवण्याचा थोडा गुणही असतो. जंतू मेला म्हणून बरं वाटलं असा अर्थ रुग्णाने काढला की पुढचा कोर्स ठरलेलाच.

मग हे दुखणं असतं कशाचं? एकच उत्तर नाही, आणि हेच समजायला वैद्यकशास्त्राला वेळ लागला. क्लीव्हलँडचे डॅनियल शोस्कस आणि निकेल यांनी २००९च्या सुमारास ‘युपॉइंट’ नावाची पद्धत मांडली. प्रत्येक रुग्ण सहा कप्प्यांतून तपासायचा : लघवीच्या तक्रारी, मनावरचा ताण, प्रोस्टेटची स्वतःची सूज, जंतू, शरीरभर पसरलेली मज्जातंतूंची अतिसंवेदना, आणि ओटीपोटाच्या तळाचे दुखरे स्नायू. ज्या कप्प्यांत खूण पडेल त्यांचाच इलाज, आणि तोही एकाच वेळी. १०० रुग्णांवर असा इलाज केला तेव्हा ८४ जणांत ठसठशीत सुधारणा दिसली. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, ही त्या अभ्यासाची मर्यादा. तरीही एकेक गोळी आलटून पालटून देण्यापेक्षा ही वाट मला कितीतरी शहाणपणाची वाटते.

सहांपैकी स्नायूंचा कप्पा आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित आहे, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर. मूत्राशय, प्रोस्टेट आणि गुदाशय यांना खालून झोळीसारखे धरून ठेवणारे स्नायू असतात. भीती, ताण, बद्धकोष्ठ, तासन्‌तास एकाच जागी बसणं, लघवी दाबून ठेवायची सवय, यांनी ते नकळत आवळलेले राहतात. प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट गुदद्वारातून बोटाने हे स्नायू एकेक करून चाचपते. डाव्या बाजूला एका ठिकाणी बोट टेकलं की रुग्ण दचकतो : हीच ती कळ, हीच वृषणात जाते. इतके दिवस प्रोस्टेटचं वाटलेलं दुखणं तिथून दोन बोटं बाजूच्या गाठाळ स्नायूचं निघतं. त्या जागी काही सेकंद स्थिर दाब, मग सैल, सोबत पोटातून सावकाश श्वास. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका छोट्या चाचणीत असे उपचार घेतलेल्यांपैकी ५७ टक्के सुधारले, साधा अंगाचा मसाज घेतलेल्यांपैकी २१ टक्के. स्टॅनफर्डमध्ये डेव्हिड वाइज आणि रॉडनी अँडरसन यांनी याच कामाला रोजच्या शिथिलीकरणाची जोड देऊन पद्धत बसवली.

इथे एक धोक्याची सूचना. मोबाइलवर शोधलं की पुरुषांसाठी म्हणून केगल व्यायाम सुचवले जातात. ते आवळण्याचे व्यायाम आहेत. ज्याचे स्नायू आधीच आवळलेले आहेत त्याचं दुखणं त्यांनी वाढू शकतं. इथे शिकायचं आहे ते सोडणं. सुप्त बद्धकोणासन, बालासन, उकिडवं बसणं, आणि श्वास आत घेताना ओटीपोटाचा तळ खाली सैल होऊ देणं, या गोष्टी महाराष्ट्रातल्या कुठल्याही योगवर्गात शिकता येतील. पण शिकवणाऱ्याला कारण सांगावं, म्हणजे तो मूलबंध लावायला, म्हणजे हाच तळ वर आवळून धरायला, सांगणार नाही. ओटीपोटाच्या तळाचं काम येणारे फिजिओथेरपिस्ट बहुतेक बाळंतपणानंतरच्या स्त्रियांसाठी काम करतात. पुरुषांनी संकोच न करता त्यांच्याकडे चौकशी करावी, आणि युरॉलॉजिस्टने स्वतःहून चिठ्ठी द्यावी.

मनाचा कप्पा म्हणजे ‘तुझ्या मनाचे खेळ आहेत’ असं सांगणं नव्हे. दुखणं खरं असतं. पण आता हे कधीच जाणार नाही, माझं सगळं संपलं, ही असहायता दुखण्याची तीव्रता वाढवते, हे निकेल आणि मानसशास्त्रज्ञ डीन ट्रिप यांच्या अभ्यासांतून पुन्हापुन्हा दिसलं आहे. समुपदेशनाने ही असहायता कमी करता येते. बायकोला विश्वासात घेणं हाही इलाजाचाच भाग आहे. नवरा जवळ येत नाही याचं कारण दुखणं आहे हे तिला माहीतच नसेल, तर ती भलताच अर्थ काढणार. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. क्लॅमिडियासारखा लैंगिक संसर्ग तपासणीत निघाला तर तेवढ्यापुरते दोघांनाही उपचार लागतात.

बाकीच्या उपायांबद्दल थोडक्यात. राय (rye) या धान्याच्या परागकणांचा अर्क जर्मनीतल्या चाचणीत साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरला. क्वेर्सेटिनचाही छोट्या चाचणीत चांगला परिणाम दिसला, पण तिथे रोज एक ग्रॅमची मात्रा होती. ते कांद्यात असतं खरं, तरी तेवढ्यासाठी रोज काही किलो कांदा खावा लागेल. चीनमध्ये ४४० पुरुषांवर झालेल्या २०२१च्या चाचणीत आठ आठवड्यांत वीस वेळा ॲक्युपंक्चर केलं. खोट्या ॲक्युपंक्चरच्या गटात ३७ टक्के सुधारले, खऱ्या गटात ६१ टक्के, आणि हा फायदा उपचार थांबल्यावरही सहा महिने टिकला. या आजारात एवढी नीटस चाचणी फार कमी उपायांची झाली आहे. सुईची परंपरा आपली नाही म्हणून ती झटकून टाकू नये. मज्जातंतूंच्या दुखण्याला अमिट्रिप्टिलिनची छोटी मात्रा काहींना लागू पडते. चुंबकाचे पट्टे आणि लिंगावर चोळायची तेलं यांवर पैसे घालवू नयेत.

पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं, याचं उत्तर प्रकारावर अवलंबून आहे. जंतूंचा प्रकार असेल, तर कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा कल्चर करून जंतू गेल्याची खात्री करायची. मूत्राशयाच्या तोंडाशी अडथळा आहे का, लघवी मागे उरते का, हे सोनोग्राफीत पाहून घ्यायचं. साचलेल्या पाण्यात जंतू परत धरतात. तरीही वारंवार उलटत असेल, तर डॉक्टर कमी मात्रेत दीर्घकाळ औषध ठेवतात.

तिसऱ्या प्रकारात सर्वांत भक्कम आधार आहे चालण्या-पळण्याचा. इटलीत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बैठं आयुष्य जगणारे १०३ पुरुष निवडले. एका गटाने अठरा आठवडे झपझप चालण्यासारखा दम लागणारा व्यायाम केला, दुसऱ्याने नुसते ताणण्याचे. सुधारले दोन्ही गट, पण पहिला स्पष्टपणे जास्त. अमेरिकेत वीस हजारांहून जास्त पुरुषांच्या दीर्घ पाहणीतही जास्त हालचाल करणाऱ्यांना हा आजार कमी झालेला दिसला. सायकलची हौस असेल, तर मधोमध खाच असलेली सीट घ्यावी आणि दुखणं असेपर्यंत सायकल बाजूला ठेवावी. खड्ड्यांतून दोन-दोन तास दुचाकी चालवणाऱ्यांनी, बसचालकांनी आणि दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्यांनी तासाभराने उठून चार पावलं चालावं. शहरात स्वच्छतागृहं मिळत नाहीत म्हणून पाणीच न पिणं, मग लघवी दाबून धरणं, ही रिक्षाचालकांची आणि विक्रेत्यांची रोजची मजबुरी आहे. तो महापालिकांचा दोष आहे, रुग्णाचा नव्हे.

खाण्याचं म्हणाल, तर तिखट, चहा-कॉफी आणि दारू यांनी अनेकांचं दुखणं चाळवतं, सगळ्यांचं नाही. म्हणून जन्मभर मिसळ आणि ठेचा सोडायची गरज नाही. दोन-तीन आठवडे एकेक गोष्ट बंद करून पाहावी, फरक पडला तर ती कमी करावी. पोट साफ राहील एवढं बघावं, कुंथण्याने तेच स्नायू आवळतात.

आणि एवढं करूनही कधीतरी दुखणं उलटतं. थंडीत, परीक्षेच्या किंवा मार्च अखेरच्या ताणात, लांबच्या प्रवासानंतर. अमेरिकेतल्या रुग्णगटाचा दोन वर्षं मागोवा घेतला तेव्हा सुमारे एक तृतीयांश रुग्ण चांगल्यापैकी सुधारलेले दिसले, आणि बाकीच्यांची वाट चढ-उताराची होती. उलटलेलं दुखणं म्हणजे पहिल्या पायरीवर परत येणं नव्हे. गरम पाण्याच्या टबात पंधरा मिनिटं बसणं, मऊ उशी, शिथिलीकरण, डॉक्टरांनी सांगितलेली वेदनाशामक गोळी, एवढ्याने बहुतेक वेळा ते काही दिवसांत ओसरतं. ताप आला, लघवी अडली, लघवीत रक्त दिसलं किंवा वृषणात गाठ लागली, तर मात्र थांबू नये. अशा काळात पीएसए ही प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठीची रक्ततपासणी करू नये. सूज असताना तो आकडा वाढतो आणि कॅन्सरची नाहक धास्ती बसते. दुखणं शमल्यावर सहा-आठ आठवडे जाऊ द्यावेत.

सुधारणा होते आहे की नाही हे मनाच्या भरवशावर सोडू नये. १९९९ साली तयार झालेली एक छोटी प्रश्नावली युरॉलॉजिस्टकडे मिळते. गेल्या आठवड्यात कुठे कुठे दुखलं, किती दुखलं, दोन तासांच्या आत पुन्हा लघवीला जावं लागलं का, दुखण्याचा विचार किती वेळा आला, आणि उरलेलं आयुष्य असंच काढावं लागलं तर कसं वाटेल, असे तिच्यातले प्रश्न आहेत. एकूण गुण ४३, जितके जास्त तितका त्रास मोठा. उपचार सुरू करताना ती भरून तारीख घालून ठेवावी आणि दीड-दोन महिन्यांनी पुन्हा भरावी. दोन्ही कागद घेऊन डॉक्टरांपुढे बसलं की बोलणं नेमकं होतं. आकडा सहा किंवा जास्त अंकांनी उतरला असेल, तर चालू आहे ते चालू ठेवायचं. उतरला नसेल, तर नवी गोळी मागण्याआधी सहा कप्प्यांतला कोणता तपासायचा राहिला, हे विचारायचं.